ओसरीवरचा टायर

दस्तगीरमामूंची जीप रोज सकाळी ढकलावी लागे. ती बंद पडलेली असे म्हणून नव्हे. स्टार्टरवर पाय दिला की पहिल्या हाकेला ओ देणारी गाडी होती ती. पण मामूंचा नेमच होता. कचेरी उघडायच्या आधी ते जीप अंगणातल्या लिंबाखाली उभी करत, चारही टायरांवर, बरोबर जिथं ते जमिनीला टेकतात तिथं, खडूची एकेक रेघ ओढत आणि मग जो कोणी दिसेल त्याला हाक मारत, "या, जरा हात लावा." गाडी लिंबापासून फाटकापर्यंत सरळ ढकलत न्यायची. चाकांचे दहा फेरे होत. फाटकाशी आल्यावर मामू खाली वाकून बघत. चारही रेघा एकाच वेळी जमिनीला टेकल्या असल्या, तर ते दाढीवरून हात फिरवून म्हणत, "हौ. जमलं." एखादी रेघ चार बोटं पुढं किंवा मागं राहिली, तर त्या चाकाला थापट मारून हवा तपासत आणि सगळी मिरवणूक परत लिंबाखाली नेत.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी आमच्या विकासगटाच्या कचेरीत भांडाराचा कारकून म्हणून हजर झालो. पहिल्याच दिवशी, धुतलेलं धोतर नेसून, हुकुमाचा कागद हातात घेऊन मी फाटकातून आत आलो आणि हाक आली, "मुन्शीजी, हात लावा!" मला वाटलं, गाडी बिघडलीय. मी जीव खाऊन ढकललं. फाटकाशी आल्यावर गाडी सुरू होईल म्हणून वाट बघत उभा राहिलो, तर हे गृहस्थ जमिनीवर गाल टेकून चाकं बघतायत.

"काय झालं गाडीला?" मी विचारलं.

"कुठं काय? नवरीसारखी हाय."

"मग ढकलली कशाला?"

मामू उठले, गुडघ्याची माती झटकली आणि पुढं हजार वेळा ऐकायचं होतं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, "नापात फरक, तर चालीत नरक."

मामू उंच, हडकुळे, साठीकडं झुकल्यासारखे दिसणारे. खरं वय पन्नास-बावन्न असेल. निजामाच्या राजवटीत ते कुठल्याशा तालुकदाराची मोटार चालवत. राज्य गेलं, तालुकदार गेला, मोटारही गेली. मामू मात्र सरकारी नोकरीत वर्ग झाले आणि त्यांच्या हाती ही लढाईतून उरलेली जीप आली. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. दर्ग्याच्या बोळात एका खोलीत राहायचे.

त्यांना विजोड काही सहन होत नसे. चहाच्या तबकात एक कप कानाचा आणि एक बिनकानाचा आला, तर ते चहा थंड होऊ देत, पण घेत नसत. एकदा येरमाळ्याच्या रस्त्यावर त्यांनी भर उन्हात जीप थांबवली. मला वाटलं पंक्चर. मामू उतरून शेतात गेले. तिथं एक गडी नांगर धरून उभा होता. त्याच्या जोडीत एक बैल दांडगा आणि दुसरा वीतभर बुटका.

"पाटील, ह्ये काय चालवलंय?"

"नांगरट."

"ह्या बारक्याचं पाप लावून घेऊ नका. त्यो निम्मा दिस नुसता धावतोय. आन् थोरला निम्मा दिस नुसता अडतोय."

"मामू, बैल माझा का तुमचा?"

"बैल तुमचा. पण जीव बगणाऱ्याचा जातो."

त्या गड्यानं त्यांना प्यायला पाणी दिलं, वर हरभऱ्याचे चार डहाळे दिले आणि नांगरट त्याच जोडीनं चालू ठेवली.

जीपमध्ये साध्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा होता. एरवी गाडीला मागची दोन चाकं ढकलतात, पुढची नुसती फिरतात. हा दुसरा दांडा ओढला की पुढचीही ओढायला लागतात. चिखलात, वाळूत, ओढ्यात त्याची गरज. त्या दांड्याला मामूंशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. "का?" असं मी एकदा विचारलं आणि पस्तावलो. कारण मामू तोंडानं कधी समजावत नसत.

त्यांनी आमच्या शिपायाला बोलावलं. इराप्पा मुरुमकडचा, घरात कानडी बोलणारा, बुटका आणि गोल. मी चांगला सहा फूट. मामूंनी पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर एका दांडक्याला अडकवली, दांडक्याचं एक टोक माझ्या खांद्यावर, दुसरं इराप्पाच्या.

"आता दोघांनी बरोबर पाऊल टाकायचं. एकानं बी मागं राहायचं न्हाय, पुढं जायचं न्हाय. चला."

दहा पावलांत सगळी घागर इराप्पाच्या अंगावर.

"अय्यो मामू! ह्ये का शिकवणं झालं?" इराप्पा ओरडला.

"थांब रे. मुन्शीजी, ध्यानात आलं का? मोकळं चालला असता तर कुणाला तरास न्हवता. दांडक्यानं बांधलं की वाकडं झालं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त पळतंय. बारकं कमी पळतंय. दांडा ओढला की चारी एकमेकास्नी बांधली. चिखलात घसरून का हुईना, निभतंय. पण कडक सडकंवर घसरायला जागा न्हाय. मंग त्यांचं भांडण कुठं जातंय? खालच्या गिअरबॉक्समंदी."

मला समजलं. इराप्पाला सर्दी झाली.

मामूंना एका गोष्टीचा अभिमान होता, आणि ती कचेरीत सगळ्यांना माहीत होती. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सर्व्हिस बुकात लाल शाईची एकही ओळ नव्हती. राज्य बदललं तेव्हा उर्दूतली जुनी पानं मराठीत उतरवली गेली. त्यातही काही निघालं नाही. पण देशावरून नवे साहेब बदलून आले आणि मामूंच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. साहेबांना वेग हवा होता. रोज सकाळी कचेरीचा अर्धा नोकरवर्ग जीप ढकलताना बघून त्यांचं डोकं फिरे. त्यांनी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं, "दस्तगीर, गाडीचं एक नुकसान माझ्या नजरेस आलं, की तुम्हाला पहारेकरी करतो आणि तरणा ड्रायव्हर आणतो."

मामू म्हणाले, "बराबर हाय साहेब." आणि बाहेर येऊन माझ्याजवळ हळूच म्हणाले, "मुन्शीजी, चाक हातातून गेलं तर ह्या हातांचं काय करू?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

त्या वर्षी मार्चअखेर आली. सरकारी कचेरीत काम केलेल्याला मार्चअखेर म्हणजे काय ते सांगायला नको. मंजूर झालेली रक्कम एकतीस तारखेच्या आत खर्च झाली नाही, तर परत जाते आणि कारकुनाला जाब द्यावा लागतो. जीपच्या स्टेपनीसाठी टायर मंजूर होता. जीपचं माप सहाशे-सोळा. मी टायर आणायला गेलो, तर त्या मापाचा टायर नाही, सातशे-सोळा आहे. दुकानदार म्हणाला, "रिंग तीच, बसतो चांगला." मला दांडकं आठवलं, घागर आठवली. पण त्याहून जास्त एकतीस तारीख आठवली. मी सातशे-सोळा घेऊन आलो.

मामूंनी तो टायर जुन्या टायराशेजारी उभा केला. बोटभर उंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पांढरा रंग आणला आणि टायरावर मोठ्या अक्षरांत इराप्पाकडून लिहून घेतलं: पाव्हणा.

"पाव्हणा घरी आला, तर हाकलता येत न्हाय," मामू म्हणाले. "पण त्याला ओसरीवर बसवायचं. चुलीपाशी न्यायचं न्हाय."

याचा अर्थ असा, की पाव्हणा लागलाच तर पुढच्या बाजूला. मागच्या, ढकलणाऱ्या चाकांत त्याला जागा नाही. आणि तो लागलेला असेल तोवर दुसऱ्या दांड्याला हात नाही. मागचं चाक पंक्चर झालं तर मामू पुढचं सहाशेचं चाक काढून मागं लावत आणि पुढं पाव्हणा बसवत. म्हणजे दोनदा जॅक, दोनदा नट-बोल्ट, तासाचा खोळंबा. साहेब गाडीत असले की घड्याळ बघत आणि माझ्याकडं बघत. मी आकाशाकडं बघे. मामूंनी एकदाही सांगितलं नाही, की हा मुन्शीजींचा पाहुणा आहे.

उलट त्याच दिवसांत त्यांनी मला गाडी शिकवायला घेतली. मीच भीतभीत म्हटलं होतं. रविवारी बाजाराच्या मोकळ्या पटांगणात ते मला चाकाशी बसवत आणि स्वतः शेजारी, हात मांडीखाली दाबून. "हात मोकळा ऱ्हायला की म्या चाक धरतो. मंग तुमी काय शिकणार?" मी पटांगणाला गोल गोल फेऱ्या घाली. मामू पुढच्या काचेतून नव्हे, माझ्या तोंडाकडं बघत. "दात खाऊ नका. गाडीला कळतंय." मला आयुष्यात कोणी इतक्या धीरानं काही शिकवलं नव्हतं, वडिलांनीसुद्धा नाही.

आणि मग तो मेळाव्याचा दिवस. मुरुमला शेतकी मेळावा होता. साहेब आधीच पोचले होते. बक्षिसांची पेटी, बियाणांचे नमुने आणि फलक घेऊन मी, इराप्पा आणि मामू निघालो. पौषातलं कोरडं ऊन होतं. वाटेत मागचं चाक बसलं. मामूंनी रीतीप्रमाणं सगळं केलं. दोनदा जॅक, पाव्हणा पुढं. मी बांधावर बसून चडफडत होतो. "लेखी देतो मामू, जबाबदारी माझी, मागंच लावा," असंही म्हटलं. पाना फिरवता फिरवता ते म्हणाले, "लिहून नक्को. गाडीला वाचता येत न्हाय."

पुढं एक ओढा होता. पलीकडं चढ चढला की लगेच खडीची पक्की सडक. ओढ्याच्या काळ्या चिखलात जीपची मागची चाकं जाग्यावर फिरायला लागली.

"मामू, दुसरा दांडा ओढा ना."

"पाव्हणा हाय पुढं. म्या बाभळीच्या फांद्या आनतो, चाकाखाली घालू. पाव घंटा."

ते कुऱ्हाड घेऊन काठावर गेले. मी स्टिअरिंगच्या चाकाशी सरकलो. आता मला खरं तेच सांगायचं आहे. मला उशिराची भीती होती, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला स्वतः गाडी चालवत मेळाव्यात शिरायचं होतं. साहेबांनी बघावं, गावानं बघावं, असं फार दिवस मनात होतं. इराप्पा म्हणाला, "मुन्शीजी, नक्को." मी दांडा ओढला.

जीप एखाद्या म्हशीसारखी अंग झाडून चिखलातून वर आली. चढ चढली. सडकेला लागली. मागून मामूंची हाक आली. आरशात दिसलं, ते एका हातात बाभळीची फांदी, दुसऱ्या हातात टोपी घेऊन धावत होते. मला वाटलं, शाबासकी देतायत. म्हणजे, तसं वाटून घेतलं.

"मुन्शीजी, मामू राहिले की मागं!"

"येतील चालत. पुढं थांबू."

थोडं गेल्यावर मला दांड्याची आठवण झाली. मी तो परत ढकलून बघितला. निघेना. दोन्ही हातांनी जोर केला. निघेना. खालून दात खाल्ल्यासारखा आवाज यायला लागला. त्याच क्षणी थांबायला हवं होतं. मला कळत होतं, की थांबायला हवं. पण थांबलो असतो तर मामू येईपर्यंत वाट बघावी लागली असती आणि मग चाकाशी मामू बसले असते. मी आवाज ऐकत दोन मैल गेलो.

मग खालून बंदुकीसारखा बार झाला. जीप थांबली. सडकेवर काळं तेल पसरत गेलं.

मामू अर्ध्या-पाऊण तासानं चालत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. त्यांनी तेल बघितलं. मला विचारलं, "लागलं न्हाय न्हवं कुठं?" मग आडवे होऊन गाडीखाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना उभं केलं. "गाडी कोण चालवत होतं?"

मी तोंड उघडलं होतं, हे शपथेवर सांगतो. पण मामू आधी बोलले. "गाडी कोन चालवंल साहेब? डायवर म्या हाय. कसूर माजी."

आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

मामू पहारेकरी झाले. त्यांच्या सर्व्हिस बुकात शेरा घालायचं काम कारकून म्हणून माझ्याकडंच आलं. बावीस वर्षांची कोरी पानं उलटली. लाल शाईत टाक बुडवला आणि माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'निष्काळजीपणे वाहन चालवून शासकीय नुकसान केले.' इराप्पा दारात उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. त्या दिवसापासून त्यानं मला पाणी आणून दिलं नाही.

तीन आठवडे मी जेमतेम जेवलो. शेवटी एक कबुलीजबाब लिहिला, खिशात घातला आणि एका रविवारी सकाळी दर्ग्याच्या बोळात गेलो. आधी मामूंना वाचून दाखवायचा, मग साहेबांकडं जायचं, असं ठरवलं होतं.

मामू अंगणात बाजेवर बसले होते. काही करत नव्हते. नुसते, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. मला बघून घाईनं उठले. "या या मुन्शीजी! तीन हप्त्यांनी माणूस आलं दारात." मी बसलो नाही. उभ्या उभ्याच कागद वाचला. दांडा ओढल्याचं वाचलं. ते मागं धावताना बघितल्याचं वाचलं. दांडा निघेना, आवाज येत होता आणि तरी दोन मैल गेलो, हे इराप्पाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, तेही वाचलं.

मामूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "दांडा परत ढकलून बघितला व्हय तुमी? म्या त्येच म्हणत होतो मनाशी, ह्यो गडी ढकलून बघितल्याबिगर ऱ्हाणार न्हाय."

"पण निघाला नाही, मामू."

"कसा निघंल? चाकांचं भांडण लागलं की त्यो आतून आवळतोय. तवा गाडी दोन हात मागं घ्यायची. भांडण सुटतंय. दांडा बोटानं निघतोय." ते थांबले. "आन् मागं घ्यायचं म्या तुमास्नी शिकवलंच न्हाय. पटांगणात पुढंच पुढं फिरवलं. मंग कसूर कुनाची? साहेबाला म्या खोटं न्हाय बोललो."

हा माणूस मला वाचवायला बोलला, असं मी तीन आठवडे समजत होतो. तसं नव्हतंच. त्यांना ते खरंच वाटत होतं.

"आणि एक सांगू?" ते एकदम खुशीत आले. "त्या दिशी दोन मैल म्या तुमच्या चाकांची चाकोरी बगत चाललो. धुळीत सगळं उमटलं होतं. लई राग होता. पण चाकोरी सरळ होती, मुन्शीजी. एकदा बी गडी डगमगला न्हाय. बैलगाडी आडवी आली तिथं कशी नेमकी बाजूला घेतली होती! राग कुठं गेला, कळलं न्हाय. बावीस वर्सांत कुनी शिकायला आलं न्हाय माज्याकडं. घरात कुनाला शिकवू? ह्या भिंतीला?"

ते उठून खोलीत गेले आणि पितळी परात घेऊन आले.

तो कागद मी साहेबांना कधीच दिला नाही. मामूंनी नको म्हटलं म्हणून नाही. त्यांनी तर त्याविषयी काहीच म्हटलं नाही. धीर झाला नाही, एवढंच. तो अजून माझ्या पेटीत आहे.

त्या सकाळी मात्र मामूंनी मला बाजेच्या कडेला बसवलं, परात हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले, हात मांडीखाली दाबून.

"मान मागं वळवा. अंहं, नुसते डोळे न्हाय, सगळा खांदा. आता क्लच. आता दांडा हिकडं. सावकाश. घाई कुनाला हाय?"

बोळातून शेजारची म्हातारी डोक्यावर जळण घेऊन चालली होती. मामूंनी तिला हात करून ओरडून सांगितलं,

"खालाबी, जरा बाजूला सरा! माजा मानूस गाडी मागं घेतोय."